जाऊबाईंपेक्षा मोठी पेटी

आधीच सांगून टाकते, माझी थोरली जाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. तिचा नवरा मोठा म्हणून ती थोरली, आणि मी पंचेचाळीस वर्षांची घोडी धाकटी. आमच्यात हे असंच चालतं. मी तिला ताई म्हणायचं, अहोजाहो करायचं, आणि तिने मला चारचौघांत "धाकट्या" अशी हाक मारायची. चौदा वर्षं झाली लग्नाला. या चौदा वर्षांत मी बोलण्याची अशी काही कला कमावलीय की ताई हा शब्द तोंडातून न काढता तिच्याशी तासभर गप्पा मारू शकते. "अहो, ऐकलंत का," "हे बघा ना," "इकडे या जरा," असं करत करत वेळ मारून नेते. माझा नवरा जोंग-दू म्हणतो, "मिरान, तू परराष्ट्र खात्यात जायला हवी होतीस."

सासूबाई चुन्चोनमध्येच राहतात, आमच्या घरापासून दोन बसथांबे सोडून. भाऊजी आणि थोरली, म्हणजे सोरा, सोलला. आता तुम्हीच सांगा, सासूबाईंच्या पाठीला मलम कोण चोळतं? मी. डॉक्टरांच्या दवाखान्यात रांगेत कोण बसतं? मी. नोव्हेंबरात किमचीसाठी साठ कोबी थंडगार पाण्यात कोण धुतं? तीही मीच. आणि सासूबाई शेजारणीला कौतुकाने काय दाखवतात? "आमच्या थोरल्या सूनबाईने पाठवले हो हे हातमोजे, कुरिअरने!" हातमोज्यांना काय लागतं? बोटाने फोनवर दाबलं की येतात. कोबी तसे धुतले जात नाहीत.

तर या ऑक्टोबरच्या शेवटी सासूबाईंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. सत्तरी म्हणजे मोठं कार्य. भाऊजींनी हॉल बघून ठेवला होता, सोराने केकचा रंगसुद्धा ठरवला होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला हॉल नको नि जेवणावळ नको. मला एक रात्र माहेरी झोपायचंय."

सासूबाईंचं माहेर दोलमोरू, आणि दोलमोरू पाण्याखाली आहे. त्या अठरा वर्षांच्या असताना धरण आलं आणि घरं, शेतं, विहीर सगळं गेलं. आता तिथे नुसता तलाव आहे. काठावरचा एक शेतकरी तंबू ठोकायला जागा भाड्याने देतो, एवढंच काय ते. तिथे नळ आहे, संडास आहे, वीज नाही.

आणि सासूबाईंची पाठ गरम गादीशिवाय एक तास टेकत नाही. गादी म्हणजे काय, हिरव्या जेडच्या दगडांची ती विजेची चटई. गाणीबिणी म्हणून म्हाताऱ्यांना भुलवणारे विक्रेते येतात ना, त्यांच्याकडून त्यांनी घेतलेली. धोंड्यासारखी जड आहे. पण दुसऱ्या गादीवर त्या झोपणार नाहीत म्हणजे नाहीत.

दोन दिवसांनी कुटुंबाच्या ग्रुपवर सोराने फोटो टाकला. संगमरवरी ओट्यावर फुलदाणीशेजारी एक छोटीशी पांढरी पेटी. दुकानदार पॉवर स्टेशन म्हणतात त्याला. घरी भरून घ्यायची आणि जिथे वीज नाही तिथे न्यायची, किंवा घरातली वीज गेली तर वापरायची. खाली लिहिलं होतं: "आईंची अजिबात काळजी नको. त्या आमच्या तंबूत झोपतील. गादी या पेटीवर चालेल. धाकट्या, तुम्ही फक्त या."

तुम्ही फक्त या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं मी काय फक्त येतेय?

मला काय हवं होतं ते सरळ सांगते, लपवून काय करायचंय. त्या एका रात्री सासूबाईंनी माझ्या तंबूत झोपायला हवं होतं. आणि सकाळी उठून, सोरासमोर, म्हणायला हवं होतं, "धाकटीकडे छान झोप लागली." एवढं एक वाक्य. त्यासाठी मी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पेटीच्या कडेला चिकटवलेल्या कागदावरचा आकडा वाचला. पाचशे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तंबू-सामानाच्या दुकानात. दुकानदार प्यो म्हणून आहेत, पन्नाशीचे, डोक्यावर मासेमारीची टोपी. मी म्हटलं, "पाचशेपेक्षा मोठी पेटी द्या."

"पाचशे काय वहिनी?"

"पाचशे! पेटीवर असतं ते."

"वॉट-तास म्हणताय. चालवायचंय काय त्यावर?"

"ते नंतर सांगते. आधी पाचशेपेक्षा मोठी दाखवा."

त्यांनी टोपी मागे सारली. "वहिनी, एक विचारू? कुणाला झोपवायचंय की कुणाला हरवायचंय?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. म्हटलं, सासूबाईंची जेडची गादी आहे, रात्रभर चालली पाहिजे.

"किती वॉटची?"

"एकशेऐंशी," मी फाडकन सांगितलं. गादीच्या मागे पत्र्याची पट्टी आहे, त्यावर लिहिलंय. दर महिन्याला ती गादी उलटी करून पुसतं कोण? असो.

प्यो साहेबांनी मग पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मांडून दाखवलं. एकशेऐंशी म्हणजे तापताना. एकदा तापली की बंद-चालू होत राहते, पण उघड्यावर, गारठ्यात, ती बंद कमी आणि चालूच जास्त राहणार. मधल्या अंकावर ठेवली तरी तासाला शंभराच्या वर धरा. आणि पेटीवर लिहिलेलं सगळं बाहेर येत नाही, पंधरा टक्के आतल्या आतच खाऊन टाकते. "म्हणजे पाचशेच्या पेटीवर ही गादी चार तास. पुरते चारही नाही. आणि त्यावर आणखी काही लावलंत तर दोनवर या."

"चार तास!" मी म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा मी जन्मले तेव्हा माझ्या आईलाही झाला नसेल.

"तुम्हाला ही बघा, हजाराची." त्यांनी एक करडी पेटी टेबलावर ठेवली, भाताच्या कुकरएवढी. "दीड हजाराची पण आहे, पण ती उचलायला तुमचा नवरा लागेल नि नंतर नवऱ्याला उचलायला डॉक्टर लागेल. ही अकरा किलो. आतली बॅटरी जरा जड जातीची आहे, पण वर्षानुवर्षं टिकते, तापत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवायला बरी. आणि हिची वीज भिंतीतल्या विजेसारखीच सरळ येते. स्वस्त पेट्यांवर या गाद्यांचे डबे गुंईगुंई करतात, झोप लागत नाही. घरी बर्फात वीज गेली तर फ्रीजपण चालेल. फक्त एक लक्षात ठेवा, गारठ्यात ती बाहेर ठेवू नका, पांघरुणाशेजारी घ्या, नाहीतर रुसते."

"रुसते?"

"कमी देते, वहिनी. माणसासारखंच आहे."

मी घेतली. घरी येऊन ती भरायला लावली आणि आकडा शंभर टक्क्यांवर जाईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले. जोंग-दूने येऊन बघितलं. "आपल्याला वहिनींनी फक्त यायला सांगितलंय ना?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तसाच मागे फिरला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला. सोराचा मेसेज, ग्रुपवर नाही, माझ्या एकटीला. आमच्या फोनवर समोरच्याने मेसेज उघडेपर्यंत शेजारी एक पिवळा एकचा आकडा दिसत राहतो, उघडला की तो जातो. म्हणून मी उघडलाच नाही, वरच्या पट्टीतच वाचला. "धाकट्या, आईंची गादी किती वॉटची आहे हो? माझ्या पेटीवर रात्रभर चालेल ना? मला यातलं काही कळत नाही, दुकानदार म्हणाला आधी विचारून घ्या. तुम्हालाच माहीत असेल."

तुम्हालाच माहीत असेल. हो, मलाच माहीत आहे! तेवढ्यापुरती मला माहिती असते! दोन शब्द लिहायचे होते, एकशेऐंशी, पुरणार नाही. मी फोन पालथा घातला आणि कांदे चिरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना न्यायला गेले तर दारात भाऊजींची गाडी. सासूबाई आत बसलेल्या, गादी मागे ठेवलेली, दोरीनेसुद्धा बांधून झालेली. "अगं, थोरला एवढ्या लांबून न्यायला आला," त्या काचेतून म्हणाल्या. मी आमच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले, अख्खी वाट.

काठावर पोचलो. पाणी खाली गेलेलं होतं, जुन्या रस्त्याचा एक तुकडा उघडा पडला होता आणि सरळ तलावात उतरत होता. सासूबाई त्या रस्त्यावर चालत पाण्यापर्यंत गेल्या आणि बोट दाखवत राहिल्या. "ती विहीर. तो बाबांचा गोठा. तिथे आमचं घर." आम्हाला पाणीच दिसत होतं. सोराने त्यांचा हात धरला होता. मी पलीकडून धरायला गेले तर त्या हाताने त्या बोट दाखवत होत्या.

तंबू ठोकताना सोरा माझ्याकडे आली. "काल मेसेज केला होता, बघितला नाहीत वाटतं."

"नाही हो. कांदे चिरत होते."

"आईंची गादी चालेल ना माझ्या पेटीवर?"

मी खुंटी ठोकत होते. वर न बघता म्हटलं, "चालेल की. न चालायला काय झालं?"

हे मी म्हटलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही.

सोराचा तंबू म्हणजे लग्नाचा मांडवच. आत पिवळ्या दिव्यांच्या माळा लावलेल्या, बाहेर कॉफीचं यंत्र, त्यांच्या दोन पोरांसाठी पडद्यावर सिनेमा, आणि सगळं त्या पाचशेच्या पेटीवर. मी भाजलेल्या मांसाचे तुकडे कात्रीने कापत होते आणि नजर पेटीच्या आकड्यावर. शंभर. अठ्ठ्याऐंशी. कॉफी झाली, त्र्याहत्तर. पोरांचा सिनेमा अर्ध्यावर आला, एकोणसाठ. प्रत्येक आकड्याला मला आतून गुदगुल्या होत होत्या. जोंग-दू म्हणाला, "आज फार खूश दिसतेस." मी म्हटलं, "आईंचा वाढदिवस आहे ना."

जेवणं झाल्यावर मी पुढे झाले. "आई, आमच्याकडे झोपा. आमची पेटी मोठी आहे, रात्रभर चालेल."

सासूबाईंनी माझ्या तंबूकडे पाहिलं, मग मांडवाकडे. "थोरला असताना धाकट्याकडे झोपले तर दोलमोरूत काय म्हणतील?"

जोंग-दू म्हणाला, "आई, दोलमोरू पाण्याखाली आहे."

"म्हणून काय माहेरात नाक नको का मला?" त्या म्हणाल्या, आणि सोराच्या हाताला धरून आत गेल्या.

मी तिथेच उभी. कुणाला दिसत नव्हतं तरी चेहरा हसरा ठेवून उभी. आत जाताना सोराच्या पेटीवर सेहेचाळीस होते. चार पावलं टाकून मी माझी पेटी तिच्या तंबूत नेऊन ठेवू शकत होते. "अहो, ही घ्या, तुमची पुरणार नाही," एवढंच म्हणायचं होतं. अकरा किलो तर होती. पण मी मनात हिशेब घातला, दीड तास, फार तर दोन. मग गादी गार पडेल, सासूबाई कण्हतील, आणि सोरा माझ्या तंबूची चेन ओढून म्हणेल, धाकट्या, तुमची पेटी द्या. तेव्हा मी उठेन, काही न बोलता पेटी उचलेन, आणि सासूबाईंना कळेल कुणाला काय माहीत असतं ते.

म्हणून आम्हा दोघांसाठी आणलेली साधी विजेची गादीसुद्धा मी लावली नाही. पेटी पूर्ण भरलेली हवी होती मला, शंभरच्या शंभर. जोंग-दू कुडकुडत म्हणाला, "गादी लाव ना."

"गप झोपा."

"मग पेटी आणली कशाला?"

"वेळ आली की कळेल."

पेटी पांघरुणात घेऊन मी चेनीकडे कान लावून पडले. पाय बर्फ झाले होते. एकदा पलीकडे काहीतरी हललं, सोराचं कुजबुजणं ऐकू आलं, मग सासूबाईंचं. मी उठून बसले, केससुद्धा नीट केले. कुणी आलं नाही. पुन्हा आडवी झाले. माझे कान दुखायला लागले, पण कुणी आलं नाही.

उजाडताच बाहेर पडले. गवत दहिवराने पांढरं झालं होतं. मांडवाचा पडदा थोडा उघडा होता आणि मी, सांगते ना, चोरासारखी आत डोकावले. सोराच्या पेटीचा आकडा विझलेला होता. गादीवर सासूबाई कुशीवर झोपल्या होत्या, आणि सोरा त्यांच्या मागून त्यांना घट्ट धरून. दोघींवर तिचा पिसांचा कोट, पोरांची पांघरुणं, गालिचासुद्धा. ज्या पाठीला चौदा वर्षं मी मलम चोळलं, त्या पाठीला गाल लावून ती झोपली होती. सासूबाईंचा हात तिच्या हातावर होता. तोंड किंचित उघडं, आणि त्या घोरत होत्या.

मला ओरडून तिला त्या पाठीवरून ओढून काढावंसं वाटलं.

थोड्या वेळाने सासूबाई उठून पाण्याजवळ येऊन बसल्या. मी शेजारी गेले. "थंडी वाजली का हो आई?"

"सुरुवातीला वाजली. दगड गार पडले." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "मग थोरलीने धरलं. माझी आई धरायची अशी, तिथे, चुलीकडच्या कोपऱ्यात. इथून गेल्यापासून मला कुणी धरून झोपलं नव्हतं, मिरान. आज छान झोप लागली."

त्या मला कधी नावाने हाक मारत नाहीत. आज मारली, आणि त्याच वाक्यात हे.

मी तंबूंकडे परतले. सोरा गॅसची शेगडी पेटवायचा प्रयत्न करत होती. गारठ्याने डबा गोठला होता, ज्योत धरत नव्हती. तिचे डोळे सुजले होते, झोपच झाली नव्हती तिची. मला बघून उठली आणि खाली मान घालून म्हणाली, "आमची पेटी लवकरच संपली. तुम्ही चालेल म्हणालात, पण तुम्हाला तरी काय माहीत असणार म्हणा, मीच दिवे नि कॉफी लावून बसले. मी तुमच्याकडे येणारच होते. आईंनी हात धरला. म्हणाल्या, धाकटीला उठवू नकोस, ती वर्षभर माझ्यासाठी झिजते, आज एक रात्र तरी तिला ऊबेत झोपू दे."

माझ्या पायांना अजून संवेदना नव्हती.

"त्यांनी असं म्हटलं?"

"दोनदा म्हणाल्या. मी पुन्हा उठले तेव्हा रागावल्याच." तिने हात चोळले. "तुमच्या पेटीत काही उरलंय का हो, धाकट्या? आईंच्या वाढदिवसाचं समुद्री पानांचं सूप गरम करायचंय. विजेची छोटी शेगडी आहे माझ्याकडे. थोडीशीच लागेल. रात्रभर तुम्हीही वापरली असेल, संपली असेल तर राहू दे."

"नाही," मी म्हटलं. "सगळी उरलीय."